खिशातला चाकू हरवला? कमी पैशात नवा घेताना लॉक, पातं आणि कायदा, तिन्ही बघा

नाशिक : सकाळी ड्रीपची नळी फुटलेली दिसते. माणूस वाकतो, सवयीने खिशात हात घालतो आणि लक्षात येतं, चाकू नाही. काल चारा कापताना होता, बांधावर भाकरी खाताना कांदा चिरायला काढला होता, त्यानंतर कुठे गेला ते आठवत नाही. दोन दिवस शोधाशोध होते, घरातल्या पोरांवर संशय घेऊन होतो. मग आठवडे बाजारात जो पहिला चकचकीत चाकू दिसेल तो उचलून खिशात टाकला जातो. महिन्याभरात त्याचं पातं डुगडुगायला लागतं. एखाद्या दिवशी जोर लावताना तो बोटावरच मिटतो.

चाकू ही वस्तू लहान आहे, पण चुकीची घेतली तर नुकसान लहान नाही. बोटाला खोल जखम झाली तर छाटणीच्या किंवा कांदा काढणीच्या ऐन हंगामात पंधरा दिवस हात बांधून बसावं लागतं. आणि चाकू भलत्याच प्रकारचा असेल तर पोलीस ठाण्याची पायरीसुद्धा चढावी लागू शकते. म्हणून दोनशे-तीनशे रुपयांचं बजेट धरून, रोजच्या कामाचा चाकू घेताना काय बघायचं, ते इथे सोप्या भाषेत.

आधी ठरवा, कापायचं काय?

दुकानदाराला "चाकू दाखवा" म्हणण्याआधी आपण दिवसभरात काय काय कापतो ते आठवून बघा. बहुतेक शेतकऱ्यांची यादी अशीच निघेल : खताच्या गोणीची शिवण, सुतळी, नायलॉनची दोरी, मल्चिंग पेपर, १६ एमएमची लॅटरल, औषधाच्या बाटलीचं सील, जनावराचं अडकलेलं दावं, आणि दुपारी कांदा-काकडी. या सगळ्याला चार बोटं लांबीचं, म्हणजे साधारण तीन इंचांचं पातं भरपूर झालं. पाच-सहा इंचांचं पातं खिशात मावत नाही, वाकताना टोचतं आणि काम काही जास्त करत नाही.

जाडीचंही तसंच. जाड पातं दिसायला दणकट वाटतं, पण दोरी किंवा लॅटरल कापताना ते पाचरीसारखं अडकतं. पाठीकडे दीड ते दोन मिलिमीटर जाडी पुरे.

टोकाकडेही लक्ष द्या. गोण्या आणि सील उघडायला टोक लागतं. पण ज्याचं काम मुख्यतः जनावरांजवळ आहे, त्याने फार अणकुचीदार टोक टाळलेलं बरं. गाय-बैल दाव्यात अडकून धडपडत असताना सुईसारखं टोक जनावराला किंवा स्वतःला लागण्याची भीती असते. अशा वेळी पातं जनावराच्या अंगाकडे नाही, बाहेरच्या बाजूला ओढून दावं कापायचं.

आणखी एक गोष्ट. खिशातला चाकू सगळी कामं करत नाही. द्राक्षाची काडी छाटायला कात्री, घडाची विरळणी करायला बारीक टोकाची कात्री, कांद्याची पात कापायला विळा, ही कामं त्या-त्या अवजारानेच करावीत. चाकूने फांदी तोडायला गेलं की पातं वाकतं किंवा जोड सैल होतो. डब्याचं झाकण उचकटायला आणि स्क्रू फिरवायला चाकू वापरला की टोक मोडतं.

परवडणारे तीन प्रकार

घडीचा चाकू. पातं मुठीत मिटतं, खिशात सहज मावतो. बहुतेकांचा हरवलेला चाकू हाच असतो. याचा कमकुवत भाग म्हणजे जोड. स्वस्त चाकूत पातं चांगलं असूनही रिबीट ढिलं निघतं.

लहान सुरी आणि तिला कव्हर. भांड्याच्या दुकानात फळं कापायची लहान सुरी मिळते. तिला ना जोड, ना लॉक, त्यामुळे मिटून बोट कापलं जाण्याचा प्रश्नच नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ पर्याय हाच, पण कव्हरशिवाय खिशात टाकायची नाही. कव्हर घरीही होतं. जुन्या लॅटरलचा किंवा पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचा तुकडा पात्यापेक्षा बोटभर लांब कापायचा, गरम पाण्यात मऊ करून चपटा करायचा आणि टोकाकडची बाजू तार मारून बंद करायची. पातं आत घट्ट बसलं पाहिजे. उलटं धरून झटकलं तरी सुटता कामा नये.

कलमाचा चाकू. कृषी साहित्याच्या दुकानात मिळतो. याची धार बहुतेक वेळा एकाच बाजूने काढलेली असते आणि दुसरी बाजू सपाट असते. त्यामुळे काडीवरचा काप सरळ आणि गुळगुळीत येतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डॉगरीज खुंटावर द्राक्षाचं कलम भरताना हाच सपाट काप लागतो, कारण खुंट आणि काडी एकमेकांना घट्ट चिकटल्याशिवाय कलम जीव धरत नाही. हा चाकू कलमापुरताच ठेवावा. त्याने एकदा खताची गोणी फाडली की ती धार कलमाच्या कामाची राहत नाही.

परदेशात शेतकऱ्यांसाठीच बनलेले खिशातले चाकू शंभरहून अधिक वर्षं विकले जातात. फ्रान्सच्या सावोय भागात १८९० मध्ये सुरू झालेला लाकडी मुठीचा ओपिनेल हे त्यातलं प्रसिद्ध नाव. त्याच्या गळ्याशी एक लोखंडी कडी असते. ती फिरवली की पातं जागच्या जागी अडकतं. ही कडी १९५५ पासून आली. स्वित्झर्लंडचा लाल मुठीचा व्हिक्टोरिनॉक्सही अनेकांनी पाहिलेला असतो. हे चाकू चांगलेच आहेत, पण नेहमीचा मोठा चाकू आपल्याकडे हजाराच्या वर जातो. ज्याचा चाकू वर्षातून एकदा चाऱ्यात किंवा पाटात हरवतोच, त्याने एवढे पैसे घालण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडून शिकायचं ते एवढंच : लहान पातं, हाताला बसणारी मूठ आणि भरवशाचं लॉक.

पातं लोखंडी की स्टेनलेस?

घिसाडी किंवा लोहार बनवून देतात ते पातं साध्या पोलादाचं असतं. गाडीच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद त्यासाठी अनेक ठिकाणी वापरलं जातं. त्याला धार पटकन लागते आणि चांगली राहते. अडचण एकच, गंज. कांदा कापला, द्राक्ष कापलं, लिंबू कापलं की ते काळपट पडतं. नुसता काळेपणा वाईट नाही. तांबूस भुगा सुटायला लागला की समजायचं, गंज धरला.

स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, निदान साडेदहा टक्के. त्यामुळे वरती एक न दिसणारा पातळ थर तयार होतो आणि गंज लवकर धरत नाही. घामाचा खिसा, ओला हात, पावसाळा, हे सगळं बघता ज्याला रोज पुसायचा कंटाळा आहे त्याने स्टेनलेसच घ्यावं. जो रोज संध्याकाळी फडक्याने पुसून ठेवेल त्याला लोहाराचं पातं जास्त सुख देईल.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही, डुप्लिकेट आहे," असं बाजारात हमखास ऐकायला मिळतं. भांड्यांच्या बाबतीत ते काही अंशी ठीक, चाकूच्या बाबतीत साफ चूक. चाकूचं स्टेनलेस भट्टीत तापवून, विझवून कडक केलेलं असतं आणि त्याला चुंबक चिकटतोच. उलट, चुंबक अजिबात चिकटत नसेल तर ते ताटल्या-वाट्यांचं मऊ स्टेनलेस असण्याची शक्यता जास्त. ते चमकतं खूप, पण धार आठवडाभरही टिकत नाही. म्हणून चाकू घ्यायला जाताना जुन्या स्पीकरमधला छोटा चुंबक बरोबर नेला तरी चालेल.

मोरचूद, पोटॅश आणि चाकू

आपल्या भागात पातं खराब होण्याचं एक कारण शहरातल्या माणसाला कळणार नाही, ते म्हणजे औषधं आणि खतं. द्राक्ष बागायतदारांना बोर्डो मिश्रणाची जुनी परीक्षा माहीत आहे. मिश्रण तयार झालं की त्यात स्वच्छ घासलेला विळा किंवा खिळा बुडवतात. लोखंडावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. तो तांबूस थर म्हणजे मोरचुदातलं तांबं असतं, आणि ते चढताना त्या जागी लोखंड विरघळत असतं. म्हणजे परीक्षा होते मिश्रणाची, पण झीज होते विळ्याची. मोरचुदाची पिशवी फोडून चाकू तसाच ओला खिशात टाकला तर नेमकं हेच पात्यावर घडतं.

पोटॅशचंही तसंच. म्युरेट ऑफ पोटॅश हे एक प्रकारचं मीठच. त्याची धूळ जोडात शिरली आणि वर घाम लागला की स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात. उपाय सोपा आहे : खताची गोणी फोडली की चाकू साध्या पाण्याने धुवायचा, पुसायचा, मगच मिटायचा. आणि ज्या चाकूने औषधाचं सील कापलं त्याच चाकूने दुपारी काकडी चिरायची नाही. पाण्याने धुतलं म्हणजे विष गेलंच असं नाही. खाण्यासाठी डब्यात वेगळी छोटी सुरी ठेवणं हाच खरा मार्ग.

लॉक : बोट वाचवणारा भाग

घडीच्या चाकूत सगळ्यात आधी बघायची गोष्ट धार नाही, लॉक आहे. बाजारात साधारण तीन तऱ्हा दिसतात.

पहिली, बिनलॉकची. आत फक्त एक स्प्रिंग पट्टी असते, ती पात्याला उघडं ठेवते. फळं, सुतळी, सील यासाठी ठीक. पण टोक कशात रुतलं आणि पाठीवर दाब आला की पातं मिटतं, ते थेट बोटांवर.

दुसरी, पाठीकडे दाबायची पट्टी असलेली. पातं उघडलं की "टक्" असा आवाज येऊन मागची पट्टी खाचेत बसते. मिटायचं असेल तर ती पट्टी दाबावी लागते. शेतीच्या कामाला ही चांगली.

तिसरी, मुठीच्या आतली पातळ पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेका देते ती. चांगल्या बनावटीत ही भरवशाची असते. अगदी स्वस्त चाकूत मात्र पट्टी इतकी पातळ असते की जोर लावला की सटकते. कमी पैशात घेणार असाल तर हा प्रकार तपासल्याशिवाय घेऊ नका.

दुकानात पाच मिनिटं द्या

पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी दुकानातच करून बघा. चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही.

१. चाकू उघडा, पातं दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. थोडंही डुगडुगत असेल तर परत ठेवा. नवा असताना सैल असलेला जोड पुढे घट्ट होत नाही.

२. उघड्या पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबा. बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका, मूठ तळव्याने बाजूने धरा. लॉक असून पातं मिटायला लागलं तर तो चाकू कितीही स्वस्त असला तरी महाग आहे.

३. मिटलेल्या चाकूत पातं बरोबर मधोमध बसतं का बघा. एका बाजूला घासत असेल तर धार लवकर मरेल.

४. मिटलेला चाकू पात्याची बाजू खाली करून हलकेच झटका. पातं आपोआप बाहेर येत असेल तर तो खिशात उघडणार.

५. हात ओला करून मूठ धरा. गुळगुळीत पॉलिशची लोखंडी मूठ ओल्या हातात निसटते. लाकूड, खरबरीत प्लॅस्टिक किंवा रबर बरं.

६. वर्तमानपत्राचा कागद एका हातात धरून कापा. सरळ कापला तर उत्तम. फाटला तर धार लावून घ्यावी लागेल, पण एवढ्यावरून चाकू वाईट ठरत नाही.

७. जोडावर स्क्रू आहे का बघा. स्क्रू असेल तर पुढे घरी आवळता येतो. रिबीट असेल तर लोहाराकडे जावं लागतं.

घ्यायचा कुठून?

तालुक्याच्या गावात हार्डवेअरचं दुकान, भांड्याचं दुकान आणि कृषी सेवा केंद्र या तीन जागी आधी बघा. नाशिकला गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार, लासलगाव किंवा पिंपळगावला माल घेऊन गेलात तर तिथली अवजारांची दुकानं, असं येता-जाता होण्यासारखं आहे. हातात धरून बघता येतं, हाच दुकानाचा मोठा फायदा.

रस्त्याकडेला भाता लावून बसलेली घिसाडी कुटुंबं विळे, कोयते, कुऱ्हाडी बनवतात. त्यांच्याकडून घडीचा नाही, पण लहान सरळ सुरी करून घेता येते. लांबी, टोक आणि मूठ आपल्या मनासारखी होते. सांगताना "चार बोटं पातं, पाठ पातळ, टोक गोलसर" असं नेमकं सांगा आणि समोर बसून धार लावून घ्या.

मोबाइलवर मागवायचं असेल तर फोटोला भुलू नका. काळं पातं, मुठीत बोटं घालायच्या कड्या, पाठीवर करवतीचे दात, काच फोडायचं टोक, असल्या चाकूंच्या जाहिराती भरपूर येतात. शेतात यातलं एकही कामाला येत नाही, आणि पुढच्या भागात सांगितलेली अडचण वेगळीच.

कायदा काय म्हणतो?

हा भाग नीट वाचा. गावाकडे खिशात चाकू असणं ही रोजची गोष्ट आहे, पण कायद्याचे तीन मुद्दे माहीत हवेत.

पहिला, मापाचा. केंद्राच्या २०१६ च्या शस्त्र नियमांत धारदार हत्यारांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, उद्योगाच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे कोयता-विळा हे शेतीचं अवजार आहे, आणि तीन इंचांचा चाकू या मापाच्या खूप खाली आहे. बातम्यांत "आर्म ॲक्ट ४/२५" असं वाचायला मिळतं ते याच शस्त्र कायद्याचं, १९५९ च्या.

दुसरा, मनाई आदेशाचा. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ (१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी हत्यारं घेऊन फिरायला बंदी घालू शकतात. त्या कलमात तलवारी, भाले, लाठ्या यांच्याबरोबर चाकूचाही स्पष्ट उल्लेख आहे. असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त १५ दिवसांचा असतो. त्याहून पुढे न्यायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते. सण, निवडणूक, आंदोलन अशा काळात असे आदेश वारंवार निघतात. त्यात माप बघितलं जाईलच असं नाही. आदेश मोडला तर कलम १३५ खाली गुन्हा दाखल होतो आणि कैदेची शिक्षाही होऊ शकते.

तिसरा, प्रकाराचा. बटण दाबलं की "खट्" करून उघडणारा चाकू घेऊ नका. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा असा चाकू सिनेमांनी गाजवला आणि तेव्हापासून तो भांडणाचा चाकू म्हणूनच ओळखला जातो. शेतात त्याला काही काम नाही. खटक्याची स्प्रिंग धुळीने लवकर बिघडते आणि तपासणीत सापडला तर "कांदा चिरायला ठेवला होता" हे पटवणं अवघड जातं. २०१८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पोलिसांनी ऑनलाइन मागवलेले चाकू आणि तलवारी पकडल्या होत्या. मागवणारा कोण हे पार्सलवरच्या नाव-पत्त्यावरून कळतं, एवढं लक्षात असू द्या.

मग रोज काय करायचं? शेतात जाताना चाकू अवजारांच्या पिशवीत, कात्री-पाना यांच्या सोबत ठेवा. कामाच्या वस्तूंमध्ये तो कामाचाच दिसतो. लग्नाची वरात, मिरवणूक, मोर्चा, मतदान केंद्र, कोर्ट, तहसील कार्यालय इथे जाताना घरी ठेवून जा. सप्तशृंगगडाचा चैत्रोत्सव असो, त्र्यंबकेश्वरची निवृत्तीनाथांची यात्रा असो की २०२७ चा सिंहस्थ, गर्दीच्या ठिकाणी तपासणी असतेच. विमानाने जायचं असेल तर चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही. आणि बाहेरगावी कामाला गेलेल्या पोराच्या खिशात चाकू कशाला आहे, हे घरच्यांनी एकदा विचारलेलं चांगलं.

धार : महिन्यातून दहा मिनिटं

बोथट चाकूने जास्त जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो घसरतो. बऱ्याच जखमा अशाच होतात. म्हणून धार हीसुद्धा सुरक्षिततेचीच गोष्ट आहे.

धारेचा दुहेरी दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, एक बाजू खरबरीत, एक बारीक. दगड पाण्याने ओला करा, खाली ओलं फडकं ठेवा म्हणजे सरकणार नाही. पात्याची पाठ दगडापासून पेन्सिलीच्या जाडीपेक्षा थोडी कमी उचला आणि तो कोन तसाच धरून, दगडाचा पातळ पापुद्रा काढल्यासारखं पातं पुढे सरकवा. दोन्ही बाजूंना सारखेच हात मारा, आधी खरबरीत बाजूवर, मग बारीक. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरबरीत कडसुद्धा वेळ भागवते. कलमाच्या चाकूला मात्र तिरक्या बाजूनेच धार लावायची, सपाट बाजू सपाटच ठेवायची.

एक चूक अनेक जण करतात, ती म्हणजे वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरवर धार लावून घेणं. पातळ पातं क्षणात तापतं, कडेला निळसर रंग येतो. निळं झालं म्हणजे तिथला कडकपणा गेला, आता ती धार टिकणार नाही. सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडून लावून घेताना पातं मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा.

जोडात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब महिन्यातून एकदा पुरे. खाण्याच्या सुरीच्या पात्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तरी चालतं.

डाळिंबवाल्यांसाठी वेगळी सूचना

सटाणा, देवळा, मालेगाव भागात डाळिंबाच्या बागा आहेत, आणि तेल्या रोगाने किती बागा काढाव्या लागल्या ते तिथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. हा जिवाणूचा रोग आहे आणि तो कात्री-चाकूच्या पात्यावरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. रोगट फळ किंवा फांदी कापलेलं पातं पुढच्या झाडाला लावण्याआधी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्यायचं. द्रावण किती तीव्रतेचं, ते कृषी सहायकाला विचारा. काम संपलं की पातं साध्या पाण्याने धुवून कोरडं करा, कारण हे द्रावण पोलादाला गंजवतं. आणि खिशातला चाकू बागेत फिरताना सहज म्हणून कुठल्याही फांदीला लावू नका.

पुन्हा हरवू नये म्हणून

काळी किंवा हिरवी मूठ गवतात दिसत नाही. लाल किंवा केशरी मुठीचा चाकू घ्या, नाहीतर मुठीला लाल टेप गुंडाळा. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नका, वाकलं की पडतो. मुठीला भोक असेल तर त्यात नाडा ओवून पॅन्टच्या लुपीला बांधा. नाडा हातभर लांब असला की चाकू न सोडता काम करता येतं.

आणि हरवलाच, तर शोधायचा तो फक्त वस्तूच्या किमतीसाठी नाही. चाऱ्यात पडलेला चाकू कडबाकुट्टीत गेला तर मशीनचं पातं तुटून तुकडा उडतो, समोर उभ्या माणसाला लागू शकतो. तुटलेलं लोखंड कुट्टीतून गाईच्या पोटात गेलं तर ते आतून टोचत राहतं, जनावर खाणं सोडतं आणि कधीकधी दगावतंही. म्हणून चारा कापताना चाकू हरवला असेल तर तो भारा मोकळा करून, हाताने चाळून मगच कुट्टीला लावा. घरात लहान मुलं असतील तर चाकूची जागा उंचावर आणि एकच ठरलेली असू द्या.

बोट कापलंच तर

स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. रक्त थांबलं की वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. माती, राख, डिझेल, तंबाखू यातलं काहीही जखमेत भरू नका. शेतातल्या, शेणामातीच्या जखमेतून धनुर्वाताचा धोका असतो. इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर आतली शीर किंवा नस कापलेली असू शकते. मग घरी पट्टी बांधून बसायचं नाही, थेट दवाखाना.

थोडक्यात

चार बोटं लांबीचं, पातळ, चुंबक चिकटणारं पातं. डुगडुगत नाही असा जोड. मागून दाबलं तरी न मिटणारं लॉक. रंगीत मूठ, तिला नाडा. बटणाचा खटका नको. एवढं जमलं तर दोनशे-तीनशे रुपयांचा चाकूही वर्षानुवर्षं साथ देतो. आणि घडीच्या चाकूत मनासारखं लॉक मिळालंच नाही, तर लाज न बाळगता फळं कापायची सुरी घ्या आणि तिला लॅटरलचं कव्हर करा. खिशातला रुबाब थोडा कमी होईल, पण दहाही बोटं शाबूत राहतील.